कंदिलाचे गुण

भाद्रपद सरत आला कीं आमच्या राजूरच्या डोंगरांवरचे ढग थोडे वर उचलले जातात, अंगणांतलें शेवाळ वाळूं लागतें, आणि त्याच सुमारास टपालांत एका ठराविक प्रकारचीं पत्रें येऊं लागतात. यंदां पहिलें पत्र पुण्याच्या एका भगिनीचें आहे. त्या लिहितात : "गुरुजी, आमचे चिरंजीव नववींत आहेत. शाळेनें आकाशकंदील करून आणावयास सांगितलें आहे. चिरंजीव म्हणतात, कागद कापणें आणि चिकटविणें हा बालवाडीचा उद्योग. बाजारांतून एक आणून द्या म्हणजे झालें. आणून द्यावा काय?"

आणूं नये, हें उत्तर देणें सोपें आहे. परंतु चिरंजीवांच्या म्हणण्यांत निम्में तथ्य आहे, तें आधीं कबूल केलें पाहिजे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढें आपण घोटीव कागद, बोथट कात्री आणि चांदणीचा साचा ठेवतों, आणि तो कंटाळला म्हणजे त्यालाच आळशी म्हणतों. ज्याला प्रमेयें सिद्ध करतां येतात त्याच्या हातांना सहा वर्षांच्या बालकाचें काम दिलें, तर तो रुसेल नाहीं तर काय करील? कोठारी आयोगानें (१९६४-६६) शाळांसाठीं कार्यानुभवाची शिफारस केली, ती उत्तमच होती. पुढें पुष्कळ ठिकाणीं तिचें काय झालें तें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे : कार्य घरच्या वडील मंडळींचें, आणि अनुभव दुकानदाराचा.

तेव्हां मुलास कंदील "करावयास" न सांगतां, कंदिलांतील कोडें सोडवावयास सांगावें. आपला जुना बांबूचा आकाशकंदील एकदां नीट न्याहाळून पाहा. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या. चार-चार बांधून सहा चौकोन. एक वर आडवा, एक खालीं आडवा, आणि चार बाजूंस एकेका कोपऱ्यावर उभे केलेले. त्रिकोण कोणीच बांधीत नाहीं. परंतु कोपऱ्याला कोपरा जोडीत गेलें कीं आठ त्रिकोण आपोआप उत्पन्न होतात! कोपरे मोजावे, बारा भरतात. पृष्ठें चौदा, कडा चोवीस. कोपरे आणि पृष्ठें यांची बेरीज कडांहून दोनांनीं अधिक. हा नियम ऑयलर नामक स्विस गणित्यानें अठराव्या शतकांत सांगितला. आमच्या आजोबांच्या पडवींत तो दर दिवाळीस टांगलेला असे, आणि आम्हां कोणास त्याचा पत्ता नव्हता.

खरी मौज पुढेंच आहे. बांधून झालेला सांगाडा हातांत धरला तर तो डुलतो, पिळतो, एका बाजूस बसतो. कां? तीन काड्यांचा त्रिकोण बाजू न मोडतां आकार बदलूं शकत नाहीं. चार काड्यांचा चौकोन मात्र बाजू तेवढ्याच ठेवून खुशाल तिरपा होतो. तो काटकोनांत आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं ठरवूं नये. एक सुतळी घ्यावी आणि दोन्ही कर्ण मोजावे. सारखे भरले म्हणजे चौकोन सरळ. यज्ञवेदी आंखणारे आपले शुल्बकार हीं सारीं कामें दोरीनेंच करीत. शुल्ब म्हणजेच दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत चौरसाच्या कर्णाचा विचार स्पष्ट आलेला आहे. संस्कृताचा तास आणि भूमितीचा तास एकाच सुतळीवर घेतां येतो, हें मला नोकरींत फार उशिरां सुचलें.

आणि मग कागद. कागद म्हणजे नुसती शोभा, असें आपण समजतों. तसें नाहीं. खळीनें ताणून बसविलेला कागद चौकोनाला तिरपा होऊंच देत नाहीं. कागद दाबला तर चुरगळतो, पण ओढ सोसतो. चौकोन ज्या दिशेस कलूं पाहील तिकडचा कर्ण लांबूं लागतो, आणि तेथें ताणलेला कागद त्यास धरून ठेवतो. हें मुलांना सांगूं नये. एकेक चौकोन चिकटवीत असतां सांगाड्याचें डुलणें कमी कमी होत जातें, तें त्यांच्या हातांना कळूं द्यावें.

आतां एक गोष्ट माझ्या पदरची, जी सांगावयास मला सुख होत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं, याच डोंगराळ भागांतील एका शाळेंत मी नववीचा वर्गशिक्षक होतों. मुलांनीं कंदील घरून करून आणावे, मीं दहांपैकीं गुण द्यावे, अशी रीत. एका सुखवस्तु घरच्या मुलानें सोनेरी कागदाचा, झिरमिळ्यांचा देखणा कंदील आणला. ठाकरवाडीवरच्या एका मुलानें आणलेला कंदील जुन्या वहीच्या पानांचा होता. पानांस तेल चोळून तीं अर्धपारदर्शक केलेलीं, आणि आंतून शाईचीं अक्षरें दिसत होतीं. पहिल्यास मीं नऊ गुण दिले. दुसऱ्यास चार, शेरा, "शोभा नाहीं." पहिला कंदील त्या मुलाच्या काकांनीं केला होता, हें मी जाणून होतों. आदले दिवशींच बाजारांत त्यांनीं मला झिरमिळ्यांच्या रंगाविषयीं सल्ला विचारला होता!

दुसरा कंदील हातांत घेतला तेव्हां त्याचा हलकेपणा आणि ताठपणा मला जाणवला होता. मीं विचारलेंहि, "अरे, हा इतका घट्ट कसा?" तो म्हणाला, "इरल्यावानी बांधलं, गुरुजी." मी हंसलों. मी हंसलों म्हणून वर्ग हंसला.

इरलें म्हणजे तरी काय? बांबूच्या काड्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचें आच्छादन. आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस अंगावर घेणारी वस्तु. त्या मुलानें मला नेमकें, शास्त्रशुद्ध उत्तर दिलें होतें, आणि तें मला कळलें नाहीं. त्या दिवसानंतर त्यानें माझ्या तासाला हात वर केला नाहीं. गुण मीं बदलले नाहींत. पत्रक पुढें गेलें होतें, ही माझी सबब. दहावीनंतर तो कोठें गेला, याची मीं चौकशी केली नाहीं.

पुढच्या वर्षापासून मीं एवढेंच केलें कीं घरून कांहींहि आणावयाचें नाहीं असा नियम घातला. पांच-पांच मुलांची टोळी. बांबू शाळेंत फोडावयाचा. वाडीवरच्या मुलांनीं कामट्या कशा काढावयाच्या तें इतरांस दाखवावें, आणि ज्यांचें गणित बरें त्यांनीं मापें काढून द्यावीं. पहिल्याच दिवशीं कोयता सर्वांत वाईट कोणी चालविला असेल तर मीं. बोट बांधून आठवडाभर फळ्यावर लिहीत होतों. गुण कंदिलास नव्हते; "हा डुलत कां नाहीं?" या प्रश्नाच्या उत्तरास होते. मुलांचा पोरखेळाचा आक्षेप पुन्हां ऐकूं आला नाहीं. मुलींपैकीं एकीनें तर विचारलें कीं, चौकोनांत आंतून कर्णावर दोरा बांधला तर कागदाविनाहि सांगाडा ताठ राहील काय? राहतो. करून पाहावें.

त्रिकोणी तुकड्यांसाठीं कंपासाचीहि गरज नाहीं. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनीं १८९३ सालीं कागदाच्या घड्यांनीं भूमिति शिकविणारें एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाईन यांनीं त्याची दखल घेतली, आणि १९०१ सालीं अमेरिकेंत त्याची आवृत्ति निघाली. चौरस कागदाला मधोमध उभी घडी घालून उलगडावा. खालचा एक कोपरा धरून तो मधल्या रेषेवर असा टेकवावा कीं घडी खालच्या दुसऱ्या कोपऱ्यांतून जाईल. जेथें टेकला तेथें खूण. ती खूण आणि खालचे दोन कोपरे मिळून समभुज त्रिकोण होतो. कां होतो, हें नववीच्या मुलास सांगतां आलें पाहिजे. न आल्यास वडिलांनीं प्रयत्न करावा!

महाराष्ट्र शासनानें २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हांपासून गणपतीच्या मखरासाठींहि कागद-पुठ्ठ्याकडे पुन्हां लक्ष जाऊं लागलें आहे. हेंच सांगाड्याचें शास्त्र तेथेंहि चालतें. त्याविषयीं आषाढाच्या अंकांत लिहीन, म्हणजे वेळेवर उपयोगी पडेल.

तर भगिनी, विकतचा कंदील आणूं नये, आणि आपण स्वतःहि करून देऊं नये. चिरंजीवांना आठ-आठ इंचांच्या कामट्या द्याव्या. चोवीस लागतात, पण मोडतील म्हणून तीस. बुरुडाकडे सांगितल्यास तो काढून देईल. पतंगी कागद बाजूंहून अर्धा इंच मोठा कापावा. खळ मैद्याची, मंद आंचेवर शिजविलेली. मोरचूद विषारी, तो घालूं नये. तळाच्या चौकोनास पेढ्यांच्या पेटीच्या पुठ्ठ्याची पट्टी लावावी आणि वरचा चौकोन उघडा ठेवावा. आंत पणती नको, एलईडीचा लहान दिवा पुरे. तो फारसा तापत नाहीं. सांगाडा डुलूं लागला आणि ते आपल्याकडे घेऊन आले, तर हातांत फक्त सुतळी द्यावी.