चपळ की चटपटीत?

मल्लखांबावर सरसर चढणारा मुलगा ‘अ‍ॅजाइल’, नेमके उत्तर देणारी मुलगीही ‘अ‍ॅजाइल’! आपल्या बडोद्यातील मराठी मुलांच्या वाक्यांत हे एकच इंग्रजी विशेषण वावरू लागले आहे. मराठीत मात्र अंग चपळ, बुद्धी तल्लख, बोलणे चटपटीत, चेहरा तरतरीत. गुजरातीत ‘चटपटुं’ म्हणजे चमचमीत. म्हणून तर या अर्थच्छटा घरातच शिकवावयास हव्यात. याच नगरीत सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना त्यात मराठी, गुजराती आदी भाषांतील प्रतिशब्द योजिले होते. इंग्रजी शब्द अवश्य शिकावा. परंतु त्या एका पाहुण्यासाठी घरच्या चौघांना उंबऱ्याबाहेर काढू नये.