निकाहाआधी एक रक्ततपासणी

नात्यातल्या लग्नाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "शरीअतने जे हलाल केलं त्याला तुमचं विज्ञान हराम ठरवणार का?" दुसरा म्हणतो, "या लोकांची मुलं अशीच जन्मणार, हे सुधारणार नाहीत." पहिल्याला ऐकायचं नसतं, दुसऱ्याला फक्त हिणवायचं असतं. या भांडणात ज्या घरात दर दोन-तीन आठवड्यांनी लेकराला रक्त चढवायला दवाखान्यात न्यावं लागतं, त्या घराचा विचार कुणीच करत नाही. म्हणून आनुवंशशास्त्र याबद्दल काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते आधी नीट पाहू.

आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. काही आजारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. असा माणूस आयुष्यभर धडधाकट असतो. त्याला वाहक म्हणतात. पण नवरा-बायको दोघेही एकाच आजाराचे वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आजारांचं गणित असंच आहे. "चारात एक" म्हणजे पहिलं मूल आजारी निघालं की पुढची तिन्ही चांगली, असं मात्र नव्हे. नाणं दर वेळी नव्याने उडतं.

आता नात्यातलं लग्न. आजोबांकडे एक बिघडलेली प्रत असेल, तर ती त्यांच्या दोन्ही मुलांकडे आणि तिथून नातवंडांकडे उतरू शकते. सख्ख्या चुलत, मावस, आते-मामे भावंडांच्या जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा सामाईक असतो. भारतात बीटा थॅलेसेमियाचे वाहक साधारण तीन-चार टक्के, म्हणजे पंचवीस-तीसांत एक. पण मुलगा वाहक असेल, तर त्याची चुलत बहीणही वाहक असण्याची शक्यता निदान आठात एक होते. आजार जितका दुर्मीळ, तितकी ही तफावत मोठी.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात अकरा हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तिथल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत 37 टक्के जोडपी सख्खी चुलत-मावस भावंडं होती. अशा जोडप्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचं प्रमाण तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेलेलं दिसलं. गरिबीचा हिशेब धरूनही फरक उरलाच. म्हणजे धोका दुप्पट झाला, हे खरं. पण शंभरातली चौऱ्याण्णव बाळं अशा व्यंगाविना जन्मली, हेही तितकंच खरं. त्याच अभ्यासात चौतिशीनंतर आई झालेल्या गोऱ्या स्त्रियांच्या बाळांतही धोका जवळपास दुप्पट आढळला. पण त्यांच्यावर कुणी व्हॉट्सअॅपवर विनोद फिरवत नाही.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे असं समजणाऱ्यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या मामाच्या मुलीची आठवण ठेवावी. तामिळनाडू, कर्नाटक आणि आंध्रात तर चारात एक लग्न रक्ताच्या नात्यात होतं आणि त्यातली बहुतेक हिंदू कुटुंबं आहेत. 2017 मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेलं एक संशोधन आलं. दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक जातसमूहांपैकी 81 समूहांत, पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्नं केल्यामुळे, काही मोजक्या पूर्वजांची जनुकं फार दाटून राहिली आहेत, असं त्यात दिसलं. म्हणजे चुलत बहीण टाळून 'आपल्याच बिरादरीतली' मुलगी केली की आपण सुटलो, असं नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमियाचं प्रमाण अधिक आहे आणि विदर्भ-नंदुरबारच्या आदिवासी व दलित वस्त्यांत सिकलसेलचं. जनुक माणसाचा धर्म विचारत नाही.

धर्माचं म्हणाल, तर नात्यातला निकाह जायज आहे. तो फर्ज नाही. पैगंबरांच्या पत्नींमध्ये हजरत जैनब त्यांच्या आतेबहीण होत्या, तर हजरत आयेशा आणि हजरत हफ्सा वेगळ्या कुळांतल्या होत्या. मुभा दोन्हीकडे आहे. जी गोष्ट मुबाह आहे ती करताना डोळे उघडे ठेवायला कोणत्या मौलानाची हरकत असेल? उंट आधी बांधा, मग तवक्कुल करा, ही शिकवण आपण मुलांना लहानपणापासून देतो. लग्न ठरवतानाच तिचा विसर का पडतो?

मुस्लिम देशांना तो पडलेला नाही. इराणने 1997 पासून निकाहाआधी थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची केली. सौदी अरेबियाने 2004 मध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी तेच केलं. दोघेही वाहक निघाले तरी सौदीत निकाहाला बंदी नाही. फक्त दोघांना समजावून सांगितलं जातं. सायप्रसमध्ये चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि तिथे थॅलेसेमियाची बाळं जन्माला येणं जवळपास थांबलं. धर्मसंस्था आणि डॉक्टर एका बाजूला उभे राहिले की काय होतं, ते यातून दिसतं.

आपल्याकडे लग्नाआधी रक्तगट जुळवणारे बरेच आहेत, पण रक्तगटाचा थॅलेसेमियाशी काही संबंध नाही. करायची ती सीबीसी आणि एचबी-ए-2 ची तपासणी. ती एकदाच करावी लागते. भारतात दरवर्षी अंदाजे दहा हजार मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. त्यांना जन्मभर रक्त लागतं आणि रक्तात साठणारं लोह काढण्याची औषधं लागतात. जनुक दुरुस्त करणाऱ्या 'कॅसजेव्ही' या उपचाराला 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मान्यता दिली, ही आनंदाची बातमी आहे. पण अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला त्याचा काय उपयोग?

माझं म्हणणं एवढंच, की ही तपासणी रिश्ता पक्का झाल्यावर करू नका. बोलणी झाली, मिठाई वाटली आणि मग अहवाल आला, तर मोडलेल्या लग्नाचं खापर मुलीच्याच माथी फुटतं. अकरावी-बारावीत, मुलगा-मुलगी दोघांचीही तपासणी व्हावी आणि अहवाल त्यांच्या हाती असावा. वाहक असणं हा ऐब नाही. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केलं तर कुणाचंही मूल मेजर होत नाही. आणि जिथे मूल आजारी जन्मलं आहे, तिथे सुनेला बोल लावणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. यात निम्मा वाटा तुमच्या मुलाचा असतो, दर वेळी.

सामूहिक विवाहाचे मेळावे भरवणाऱ्या जमाती मंडपाला, जेवणाला आणि भांड्यांच्या संचाला लाखो रुपये खर्च करतात. त्यातला थोडा हिस्सा वर्षभर आधी रक्ततपासणीच्या शिबिरावर खर्च करा. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा इमामसाहेबांनी हा विषय घ्यावा. 8 मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन असतो, त्याच्या आसपासचा जुमा घ्या. नात्यात लग्न करायचं की नाही, ते त्या घराने ठरवावं. पण ठरवण्याआधी त्या दोघांच्या हातात कागद असलाच पाहिजे.