'हो' वर टिक

परवा तपकीर गल्लीत गेलो होतो, राउटर घ्यायला. म्हणजे राउटर ऑनलाईन पण मिळतो, पण खरं कारण वेगळं होतं. त्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाला भेटायचं होतं आणि गेले तीन आठवडे मी ते टाळत होतो.

मुलगा वीस वर्षांचा. नाव लिहीत नाही, का ते पुढे येईलच. हात असला सफाईदार की विचारू नका! आमच्या नेटवर्कवाल्या मित्रांना जी केबल क्रिंप करायला पाच मिनिटं लागतात ती हा गप्पा मारता मारता करतो. मीच त्याला म्हटलं, अरे इथे काय करतोयस, आमच्या हापिसात डेस्कटॉप सपोर्टला माणसं घेतायत. रेफर केलं. इंटरव्ह्यू मस्त झाला. मग बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म आला, आणि रात्री त्याचा फोन.

"दादा, यात विचारलंय, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झालाय का. काय लिहू?"

सोळाव्या वर्षी दोन मित्रांबरोबर मोबाईल चोरले होते. येरवड्याच्या निरीक्षणगृहात काही महिने काढले, नंतर बाल न्याय मंडळानं प्रकरण निकाली काढलं. हे मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं. आणि मी एकदम साने गुरुजी झालो. म्हटलं, "खरं ते लिही. 'हो' वर टिक कर. खरं बोललास तर कुणी काही करत नाही."

चौथ्या दिवशी एच.आर.चा मेल. प्रोफाईल मॅच होत नाही म्हणे. इंटरव्ह्यूत मॅच होत होती, टिक केल्यावर व्हायची थांबली!

आता माझी अक्कल. एका वकील मैत्रिणीला हे सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात स्वच्छ लिहिलंय की या कायद्याखाली ज्याचं प्रकरण हाताळलं गेलं, त्याला शिक्षेमुळे येणारी कुठलीही अपात्रता लागू होत नाही (कलम २४). अपिलाची मुदत वगैरे संपली की रेकॉर्ड नष्ट करायचं. कलम ७४ प्रमाणे पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा ही माहिती द्यायची नाही. आणि मुलाची ओळख कुठेही छापायची नाही, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. ब्लॉगही त्यात आलाच, म्हणून नाव नाही. २०१९ मध्ये सी.आय.एस.एफ.च्या भरतीच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानंही हेच म्हटलं की अज्ञान वयातल्या गुन्ह्याचा डाग पुढे लागता कामा नये. निमलष्करी दलात चालतं, आणि आमच्याकडे प्रिंटरचा कागद अडकला तर काढायला चालत नाही!

थोडक्यात, त्यानं 'नाही' लिहिलं असतं तरी कायदा त्याच्या बाजूनं होता. 'हो' लिहायला लावणारा शहाणा मी.

आपल्या भाषेत सांगायचं तर कायद्यानं हार्ड डिलीट सांगितलंय आणि आपण सॉफ्ट डिलीट करून बसलोय. रो टेबलमध्ये तशीच आहे, फक्त एक फ्लॅग लावलाय, आणि दर दुसऱ्या क्वेरीत कुणीतरी तो फ्लॅग बघायला विसरतं. फॉर्म विसरतो, एच.आर. विसरतं. त्याच्या वस्तीत कुणाचा मोबाईल गेला की अजून पहिली विचारपूस याच्याकडेच होते.

इथे काही जण म्हणतील, आणि कल्याणीनगर? मे २०२४ मध्ये आपल्यासारखेच दोन तरुण इंजिनिअर पोर्शखाली गेले, आणि मंडळानं तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. मीही तेव्हा तावातावानं फॉरवर्ड केले होते. राग खराच होता. पण सोळा ते अठरामधल्या ज्याला घोर गुन्ह्यासाठी प्रौढ धरून खटला चालवला आणि दोषी ठरवलं, त्याला कलम २४ ची ही सवलत मुळात नाहीच. आपण त्या एका गाडीचा राग मोबाईलचोर पोरांवर काढतो, ज्यांच्यामागे ना वकील, ना बाप.

सरकारी मदत म्हणाल तर अठराव्या वर्षी संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी मिशन वात्सल्यमध्ये महिना चार हजारांची तरतूद आहे. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी हिशोब करून बघावा. आणि हा तर अठराच्या आधीच घरी गेलेला, त्याला तेही नाही. त्याला हवी होती नोकरी, आणि ती सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. इंटरव्ह्यू पॅनेलवर आपण बसतो. तो फॉर्म ज्या पोर्टलवर आहे तो आपल्यातल्याच कुणीतरी लिहिलाय. त्या प्रश्नात 'अठरा वर्षं पूर्ण झाल्यानंतर' एवढे शब्द घालायला किती वेळ लागतो? मी एच.आर.ला तसा मेल टाकला. "नोटेड" असं उत्तर आलं. पुढच्या सोमवारी परत विचारणार आहे, सी.सी.मध्ये लीगलला घेऊन.

असो. दुकानात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, सगळं विसरलो. सॉरी म्हटलं. तो हसला, म्हणाला, "जाऊ दे दादा, दुसरीकडे पण अप्लाय केलंय. तोच रकाना आहे. या वेळी 'नाही' लिहू ना?"

म्हटलं, लिही.

"नक्की ना?" त्यानं परत विचारलं.

मैत्रिणीचा नंबर दिला त्याला. म्हटलं, फॉर्म भरायच्या आधी हिला फोन कर, मला नको.