साहाय्यकाचें यश आणि प्रमुखाची गादी

एखाद्या माणसास एक काम उत्तम साधलें म्हणजे त्याच्या वरचें कामही त्यास तितकेंच साधेल, असें आपण सर्वजण न विचारतां धरून चालतों. गणितांत पहिला येणाऱ्या मुलास मॉनिटर नेमतात तें याच समजुतीनें; आणि उत्तम कारकून हेडक्लार्क झाला नाहीं म्हणून त्याचे आप्त हळहळतात तेंही याच समजुतीनें. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यास अमेरिकेंतील फुटबॉलइतकें सोयीचें क्षेत्र आम्हांस दुसरें दिसत नाहीं. कारण तेथें प्रत्येक नेमणुकीचा निकाल जयापजयाच्या आंकड्यांत सर्वांसमक्ष लिहिला जातो.

हा फुटबॉल आपल्या मैदानांतला नव्हे, हें आधीं सांगितलें पाहिजे. त्यांतील चेंडू लांबट असून बहुतेक वेळ तो हातांतच असतो. त्यास पाय क्वचितच लागतो. मग नांव फुटबॉल कां, हें तेच जाणोत! एका वेळीं प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानांत असतात. परंतु चढाई करणारे अकरा निराळे, बचाव करणारे अकरा निराळे, आणि चेंडू लाथेनें मारण्याच्या प्रसंगासाठीं तिसरी तुकडी असते. व्यावसायिक संघांत असे ५३ खेळाडू असतात. प्रत्येक तुकडीवर जो साहाय्यक नेमलेला असतो त्यास ‘कोऑर्डिनेटर’ म्हणतात, आणि या सर्वांवर हेड कोच असतो. एक चाल संपली कीं दुसरी सुरू करण्यास बहुधा ४० सेकंद मिळतात. तेवढ्यांत आधीं योजून ठेवलेल्या अनेक चालींतून एक निवडून ती क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाईच्या सूत्रधारास, कळवावी लागते. त्याच्या शिरस्त्राणांत त्यासाठीं ध्वनियंत्र बसविलेलें असतें. शेवटचे १५ सेकंद उरले कीं तें बंद होतें. अशा घाईंत नेमकी चाल सुचणें ही सामान्य बुद्धीची गोष्ट नव्हे. म्हणूनच ज्या कोऑर्डिनेटरची तुकडी चमकते त्याच्यावर इतर संघांच्या मालकांचे डोळे खिळतात, आणि वर्षअखेर त्यास हेड कोचच्या जागेचें बोलावणें येतें.

पुढें काय होतें तें एकाच संघाच्या इतिहासांत पाहूं. कोलोरॅडो संस्थानांतील डेन्व्हर शहराचा ‘ब्रॉन्कोज’ हा तो संघ. वेड फिलिप्स हा तेथें बचावाचा कोऑर्डिनेटर होता. १९९३ सालीं त्यास हेड कोच केलें. दोन वर्षांत १६ सामने जिंकले, १६ हरले, आणि त्यास निरोप मिळाला. २००९ सालीं जॉश मॅक्डॅनियल्स आला. न्यू इंग्लंडच्या संघांत असतां त्याच्या चढाईनें २००७ सालीं ५८९ गुण करून लीगमधील त्या काळचा उच्चांक गांठला होता. डेन्व्हरला आल्यावर पहिले सहा सामने ओळीनें जिंकून त्यानें सर्वांस दिपवून टाकलें; परंतु वर्षअखेर हिशेब आठ जय व आठ पराजय असा झाला, आणि दुसऱ्या वर्षीं बारा सामन्यांत नऊ पराजय पदरीं येतांच तोही गेला. २०१७ सालीं बचावांतला व्हान्स जोसेफ आला; दोन वर्षांत ३२ पैकीं ११ जय. त्याच्या मागून बचावाचाच मोठा जाणता म्हणून नांवाजलेला व्हिक फॅन्जिओ. तीन वर्षांत १९ जय, ३० पराजय. मग चालकांनीं मनांत म्हटलें असावें कीं, बचाववाले पुष्कळ झाले, आतां चढाईवाला पाहूं. आणि २०२२ सालीं नॅथॅनिएल हॅकेट आला.

हॅकेटची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. तो ग्रीन बे येथील संघाचा चढाईचा कोऑर्डिनेटर होता, आणि त्या संघाचा क्वार्टरबॅक आरन रॉजर्स यास २०२० व २०२१ अशीं लागोपाठ दोन वर्षें लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळाला होता. डेन्व्हरचा हेड कोच म्हणून हॅकेटचा पहिला सामना १२ सप्टेंबर २०२२ रोजीं सिॲटल येथें झाला. शेवटचें मिनिट, प्रतिपक्षाचे १७ गुण, डेन्व्हरचे १६. आणखी पांच यार्ड पुढें सरकलें असतें तर चढाई चालू राहिली असती, आणि खेळ थांबविण्याचे तिन्ही टाइम-आउट हातांत शिल्लक होते. अशा वेळीं त्यानें घड्याळ तसेंच चालूं दिलें. आणि वीसच सेकंद उरल्यावर खेळ थांबवून ६४ यार्डांवरून गोल मारण्याचा हुकूम केला. त्या दिवसापर्यंत लीगच्या साऱ्या इतिहासांत सर्वांत लांबचा गोल ६६ यार्डांचा होता! चेंडू खांबाबाहेरून गेला व सामना हातचा गेला. दुसऱ्या दिवशीं हॅकेटनें आपली चूक मान्य केली. परंतु पुढल्याच रविवारीं घरच्या मैदानावर त्याच्या संघास चाल सुरू करण्यास इतका विलंब होऊं लागला कीं, प्रेक्षकच मोठ्यानें उरलेले सेकंद मोजूं लागले. अखेर घड्याळ व असले निर्णय यांत साहाय्य करण्यासाठीं जेरी रॉसबर्ग या निवृत्त कोचला बोलावून आणावें लागलें. पंधरा सामन्यांत चार जय व अकरा पराजय झाल्यावर २६ डिसेंबरला हॅकेट यास दूर करण्यांत आलें. वर्षाचे दोन सामने अजून उरले होते.

त्यास चढाई कळत नव्हती असें कोण म्हणेल? परंतु कोऑर्डिनेटरपुढें प्रश्न आयता येतो. प्रतिपक्ष अमुक रीतीनें उभा आहे, तर कोणती चाल करावी? त्याचें उत्तर शोधण्यांत तो निष्णात असतो, आणि तेवढ्यावरच त्याचें सारें लक्ष एकवटलेलें असतें. हेड कोचला प्रश्नच स्वतः ओळखावा लागतो. आतां चाल करावी कीं खेळ थांबवावा, दुखावलेल्या खेळाडूस पुन्हां उतरवावें कीं बसवावें, पंचाच्या निर्णयास हरकत घ्यावी कीं गप्प राहावें. शिवाय साहाय्यकांची निवड, मालकाची मर्जी, वृत्तपत्रांचे प्रश्न आणि ५३ तरुणांचे रुसवेफुगवे. ही निराळीच विद्या आहे, आणि तिचा अभ्यास कोऑर्डिनेटरच्या जागेवर फारसा होत नाहीं. अनेकजण तर गादीवर बसल्यावरही जुनें काम सोडीत नाहींत; आपला बचाव मैदानांत झुंजत असतां चढाईच्या कागदांत डोकें घालून बसतात. दोन्हीं कामें पेलणारे क्वचित् निघतात, नाहीं असें नाहीं.

दुसरें असें कीं, साहाय्यकाचें यश एकट्याचें नसतें. ग्रीन बे येथें चाली निवडण्याचें काम खुद्द हेड कोच मॅट लाफ्लूर करीत असे, आणि त्या अमलांत आणणारा रॉजर्स होता. मॅक्डॅनियल्सच्या ५८९ गुणांमागें टॉम ब्रेडी होता. मालक निवड करतात ती मात्र, दिवा सोडून त्याचा उजेड तेवढा विकत घ्यावा तशी.

तथापि अपयशाचें सर्व खापर या माणसांच्या माथीं फोडणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. हेड कोचची जागा रिकामी होते ती बहुधा पडत्या संघांतच. स्टीव्ह स्पॅग्नुओलो यास २००९ सालीं सेंट लुईच्या संघानें नेमलें, त्यापूर्वींच्या दोन वर्षांत त्या संघानें ३२ पैकीं अवघे पांच सामने जिंकले होते. त्याच्या तीन वर्षांत १० जय व ३८ पराजय झाले. घर पडूं लागल्यावर बोलावलेल्या गवंड्यास भिंत कां पडली म्हणून विचारण्यापैकींच हें नव्हे काय?

कोणी म्हणेल, बिल बेलिचिक याचें काय? तोही आधीं बचावाचा कोऑर्डिनेटरच होता, आणि हेड कोच म्हणून त्यानें न्यू इंग्लंडला सहा वेळां सुपर बाऊल, म्हणजे वर्षअखेरचा अजिंक्यपदाचा सामना, जिंकून दिला. खरें आहे, परंतु त्याआधीं क्लीव्हलंड येथें पांच वर्षांत त्याचे ३६ जय व ४४ पराजय झाले होते. नवी विद्या तो तेथें शिकला, आणि तिची फी क्लीव्हलंडनें भरली. उलट जॉन हारबॉ हा फिलाडेल्फियास अनेक वर्षें लाथेनें चेंडू मारण्याच्या तुकडीचा कोऑर्डिनेटर होता. त्या तुकडीस मान कमी. पण तींत चढाईचे व बचावाचे असे दोन्हींकडचे खेळाडू, बहुधा राखीव, उसने घ्यावे लागतात, त्यामुळें साऱ्या संघाशीं बोलण्याची संवय होते. २००८ सालीं तो बाल्टिमोरचा हेड कोच झाला व २०१३ च्या फेब्रुवारींत त्याच्या संघानें सुपर बाऊल जिंकला. तीन वेळां तो मान मिळविणारा कॅन्सस सिटीचा हेड कोच अँडी रीड तर या व्यावसायिक लीगमध्यें कोऑर्डिनेटर कधींच नव्हता.

आमच्या पालकवर्गास येथें एक विनंती करावीशी वाटते. आपला मुलगा ज्या कामांत रमतो व वाखाणला जातो, त्यांतून त्यास उचलून ‘साहेब’ करण्याची घाई करूं नये. आणि केली, व तो परत आपल्या कामावर आला, तर त्यास घरांत पडेल चेहऱ्यानें भेटूं नये. अमेरिकेंतील या मंडळींत परत येणाऱ्यास कमीपणा मानीत नाहींत, हा त्यांचा गुण घेण्यासारखा आहे. वेड फिलिप्स डेन्व्हरला २०१५ सालीं बचावाचा कोऑर्डिनेटर होऊन परत आला, आणि मुख्यतः त्याच बचावाच्या बळावर २०१६ च्या फेब्रुवारींत डेन्व्हरनें सुपर बाऊल जिंकला. स्पॅग्नुओलो कॅन्सस सिटीस रीडच्या हाताखालीं गेला व तिन्ही विजयांत त्याचा वांटा आहे. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बाऊलमध्यें एका बाजूचा बचाव त्याच्याकडे होता, तर दुसऱ्या बाजूचा फॅन्जिओकडे. गादीवरून उतरविलेले ते दोघे वृद्ध त्या दिवशीं समोरासमोर होते. फॅन्जिओचा फिलाडेल्फिया संघ ४० विरुद्ध २२ गुणांनीं जिंकला.

आणि डेन्व्हर? २०२३ सालीं त्यांनीं शॉन पेटन यास आणलें. न्यू ऑर्लिन्सच्या संघाचें प्रमुखपद त्यानें अनेक वर्षें सांभाळलें होतें, व २०१० सालीं त्या संघानें सुपर बाऊलही जिंकला होता. त्यानें बचावाचा कोऑर्डिनेटर म्हणून व्हान्स जोसेफ यासच परत बोलाविलें. ज्या शहरांत प्रमुख म्हणून नामुष्की पत्करली तेथेंच साहाय्यक म्हणून जाण्यास जोसेफ कचरला नाहीं. २०२४ सालीं त्याच्या बचावानें प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला ६३ वेळां चेंडूसह पाडलें. त्या वर्षीं इतक्या वेळां लीगमध्यें दुसऱ्या कोणत्याही संघास तें साधलें नाहीं.