विलायतेतील बिनखताचा पट्टा
— ऊस विकास अधिकारी



परवा गट ऑफिसात बसलो असताना एका तरुण सभासदाने मोबाईलवर विलायतेतील गहू काढणीचे चित्र दाखविले. घराएवढे मशिन, आत एकच माणूस, आणि नजर पोचेल तिथवर गहू. म्हणाला, "साहेब, असली मशिनं आपल्याकडं आली की टनेज आपोआप वाढंल बघा." त्या वेळी स्लिपांच्या गडबडीत मला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देतो.

मी विलायत पाहिलेली नाही. पण पदविकेला असल्यापासून तिकडच्या शेतीबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. तिकडे गव्हाचा सरासरी उतारा हेक्टरी आठ टनांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने एकरी बत्तीस क्विंटल. उतारा मोठा आहे यात शंका नाही. पण गंमत अशी की १९९५ च्या सुमारापासून हा आकडा तिथेच घुटमळतो आहे. मशिने दर साली मोठी झाली, उपग्रहावर चालू लागली, कोणत्या कोपऱ्यात किती पिकले याचा नकाशा काढणी चालू असतानाच काढू लागली. सरासरी मात्र फारशी हलली नाही. मशिनाने माणसे कमी झाली, वेळेवर पेरणी झाली, हे खरे. टनेज मशिन देत नाही.

मग त्यांच्याकडून घ्यावे असे काय? माझ्या मते एकच गोष्ट, आणि तिला पैसा फारसा लागत नाही. ती म्हणजे ताडून बघायची सवय.

लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड म्हणून संशोधन केंद्र आहे. तिथे ब्रॉडबॉक नावाच्या रानात लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८४३ साली गव्हाचा प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. एका पट्ट्याला शेणखत, दुसऱ्यांना वेगवेगळी रासायनिक खते, आणि एका पट्ट्याला काहीच नाही. आपल्यातला कोणी असता तर दोन सालात म्हणाला असता, "ह्या पट्ट्याचं वाटोळं कशाला करता, टाका की दोन पोती!" त्यांनी टाकली नाहीत. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ तो पट्टा उपाशी ठेवला. सतत गव्हाखाली तो अजून हेक्टरी टनभर गहू देतो. तो उपाशी आहे म्हणून तर शेजारच्या पट्ट्याला खताने नेमके किती दिले हे सांगता येते. १९६८ पासून त्याच रानाच्या काही भागांत फेरपालट घातली, तेव्हा तेच खत देऊनही फेरपालटीनंतरचा पहिला गहू सततच्या गव्हाला मागे टाकतो हे कागदावर आले. रानाचा एक तुकडा तर १८८२ साली पेरणी-कापणी बंद करून तसाच सोडला, तिथे आता झाडी माजली आहे. मातीचे आणि धान्याचे जुने नमुनेही त्यांनी बाटल्या-डब्यांत जपून ठेवले आहेत.

ही सवय केंद्रापुरती राहिली नाही. तिकडे दरवर्षी धान्याच्या शिफारशीत वाणांची यादी निघते. तीत प्रत्येक वाणापुढे बुरशीनाशक फवारून आलेला उतारा असतो आणि न फवारता आलेलाही असतो. औषधाशिवाय वाण किती तग धरतो हे शेतकऱ्याला पेरण्याआधी कळते. ह्या यादीचा खर्च शेतकऱ्यांच्याच टनामागच्या कपातीतून होतो. (कपात म्हटले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांच्याही पडतात, बटाटा आणि फळभाजीवाल्यांनी २०२१ साली मतदान करून आपली कपात बंद करायला लावली.)

आकडे असूनही ते चुकले नाहीत असे नाही. गव्हाला भाव म्हणून गव्हावर गहू, तोही लवकर पेरलेला, आणि तणनाशक तेच ते. यातून ब्लॅकग्रास नावाचे गवत माजले. तणनाशकाला दाद न देणारे गवत १९८२ सालीच सापडले होते, तरी औषधावरचा भरवसा बरीच वर्षे सुटला नाही. शेवटी जुनेच उपाय आठवले: पेरणी लांबवा, वसंतात जव घ्या, रान काही साल चाऱ्याच्या गवताखाली ठेवा. मोहरीच्या कुळातल्या रेपचे तसेच. २०१२ साली ते पीक साडेसात लाख हेक्टरांवर होते. २०१३ च्या अखेरीस बियाण्याला चोळायची निओनिकोटिनॉइड औषधे बंद झाली, उडद्या भुंगेऱ्यांनी कोवळी रोपे खाल्ली, आणि २०२१ पर्यंत क्षेत्र तीन लाखांच्या आसपास आले. पण सोडणाऱ्याने रुसून सोडले नाही. बियाणे, फवारणी, मोड झालेले रान, सगळे वहीत मांडून सोडले. आपल्याकडे खोडव्याचा निडवा आणि निडव्याच्या पुढे काय ते मी लिहीत नाही.

आता साखरेचे. विलायतेत साखर बीटापासून करतात. पहिला टिकलेला कारखाना नॉरफोकमधील कँटलीचा, १९१२ चा. आज चार कारखाने आहेत. कारखान्यात आलेल्या प्रत्येक गाडीतून नमुना घेतात, धुऊन माती किती निघाली ते वजा करतात, आणि साखरेचा टक्का काढतात. सोळा टक्के धरून दर ठरलेला. वर असेल तर जास्त, खाली असेल तर कमी. ज्याचा माल त्याचा हिशेब. आपल्याकडे उतारा कारखान्याच्या सरासरीचा. स्वच्छ, पक्व ऊस घालणारा आणि पाचट-वाढ्यासकट मोळी टाकणारा यांना दर एकच. आमच्या प्रयोगशाळेवर किती ताण आहे हे मला ठाऊक आहे, आणि मोळीतून नमुना काढणे बीटाइतके सोपे नाही. तरीही निदान काही गटांत गाडीवार नमुने घेऊन आकडे सभासदाच्या हाती द्यावेत असे मला वाटते. हे माझे वैयक्तिक मत आहे, संचालक मंडळाचे नव्हे.

आणि माझीही चूक कबूल करतो. मी वीस वर्षे तुमच्या बांधावर येऊन खताचे डोस सांगितले. एकदाही म्हणालो नाही की चार सऱ्या तशाच ठेवा, बघू काय होते. ऊस चांगला आला की डोस बरोबर, नाही आला की पाणी कमी पडले, असेच आपण दोघे म्हणत आलो.

यंदाच्या आडसाली लागणीत ज्या सभासदांची तयारी असेल त्यांनी चार सऱ्या माझ्या शिफारशीशिवाय ठेवाव्यात. खुंट्या मी स्वतः येऊन रोवीन. तोडणीला त्या सऱ्यांची मोळी वेगळी बांधून वेगळी वजन करू. चिटबॉयला तशी सूचना दिली आहे. गट ऑफिसात शंभर पानी वह्या ठेवल्या आहेत, नाव आणि गट नंबर सांगून न्याव्यात. डोस खोटा ठरला तर तो आकडाही याच अंकात छापू.