फी माफ, बाके रिकामी

घाना हा आफ्रिकेतला सर्वांत मोठा सोने-उत्पादक देश. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने ‘गालामसे’, म्हणजे बेकायदा सोनेखोदाई, मोडायला पोलिसांसोबत लष्कर उतरवले आणि त्याच वर्षी सरकारी उच्च माध्यमिक शाळांची फी माफ केली. पण ही माफी लागू होते नववीची परीक्षा दिल्यावर. खाणपट्ट्यातली किती तरी मुले त्याआधीच शाळेला मुकतात.

प्रा, ओफिन, बिरिम या नद्यांच्या काठी मुले डोक्यावरून दगडमातीची घमेली वाहतात, मुली पाणी आणि खाणे विकतात. धुतलेल्या गाळात पारा घालून तो उघड्या हातांनी चोळायचा, फडक्यातून पिळायचा आणि उरलेला गोळा आगीवर धरायचा. त्यातून निघणारी पाऱ्याची वाफ वाढत्या वयाच्या मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर घाला घालते. म्हणजे मूल पुन्हा वर्गात आले, तरी शिकण्याची ताकद काही अंशी खाणीवरच गमावून बसलेले असू शकते. काही मुले तर वह्या, गणवेश आणि शाळेच्या खर्चासाठीच खड्ड्यात उतरतात. यापेक्षा क्रूर सौदा कोणता?

२०१९ मध्ये कायदा कडक झाला, किमान पंधरा वर्षांचा तुरुंगवास आला. जवानांनी नदीकाठची खोदाईयंत्रे जाळली. तरी खोदाई थांबली नाही. २०२५ मध्ये सोने औंसाला चार हजार डॉलरवर गेल्यावर ती थांबणार तरी कशी? धाडीने खड्डा बंद होतो, पण त्यावर जगणाऱ्या घरातली संध्याकाळची रोख मजुरीही बंद होते आणि मूल पुढच्या खड्ड्याकडे वळते. म्हणूनच खाणपट्ट्यात नववीपर्यंतचा सगळा खर्च सरकारने उचलावा, पालकांना रोख आधार द्यावा आणि मोहिमेचे यश जळालेल्या यंत्रांवरून नव्हे, शाळेच्या हजेरीपटावरून मोजावे.

यात आपलाही वाटा आहे. घानाचे सोने भारतातही येते. वैध-अवैध सोने एकदा एकत्र वितळले की त्याचे मूळ पुसले जाते. आपला हॉलमार्क दागिन्याची शुद्धता सांगतो. ते सोने कोणत्या खाणीतून आले, हे सांगत नाही. आयात होणाऱ्या प्रत्येक खेपेबरोबर खाणीपर्यंतची नोंद केंद्र सरकारने सक्तीची करावी आणि पाडव्याला वळे घेणाऱ्या ग्राहकानेही सराफाकडे ती मागावी.