वकील द्यावा की न द्यावा?

दिवाळीच्या आधी आठ दिवस मार्केट यार्डात खेप टाकायची, हा आमच्या घरचा नेम. चार माणसांच्या फराळाला भुसार विभागातून ठोक भावाने पोहे आणि डाळ आणण्याची वास्तविक काही गरज नाही, आणि वाचलेले पैसे रिक्षावाल्याला जातात हे आमच्या सौभाग्यवतींनी मला कागदावर मांडून दाखवले आहे. पण गुळाच्या ढेपांचा वास घेतल्याखेरीज मला दिवाळी आल्यासारखे वाटत नाही. यंदा पिशव्या धरायला भाचा बरोबर होता. पिशव्या त्याच्या हातात होत्या आणि कॅनडा आम्हा दोघांच्या डोक्यात.

भाचा एकतीस वर्षांचा, यंत्र-अभियंता, हिंजवडीत नोकरीला. कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना काढायचा हे त्याने ठरवले होते. प्रश्न एवढाच होता की अर्ज आपला आपण भरायचा, की वकील द्यायचा. शहरातल्या एका सल्लागाराच्या कार्यालयाने दोन लाख दहा हजारांचा आकडा सांगितला होता. ताईने बँकेतली मुदतठेव मोडायची तयारी केली होती आणि मोडण्यापूर्वी माझ्याकडे आली होती.

"तू शिकलेला आहेस. जरा वाचून बघ ना ते सगळं," ती म्हणाली.

मी शिकलो ते मराठीत एम. ए.; पण बहिणीपुढे ही सबब चालत नाही. वाचायला बसलो. कॅनडा सरकारने २०१५च्या जानेवारीत कुशल कामगारांसाठी 'एक्स्प्रेस एन्ट्री' नावाची पद्धत सुरू केली. तिच्यात उमेदवाराला बाराशेपैकी गुण मिळतात : वयाचे, शिक्षणाचे, भाषेचे, अनुभवाचे. एकट्या उमेदवाराला विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत वयाचे ११० गुण. तिसाव्या वर्षी १०५, एकतिसाव्या वर्षी ९९, आणि पंचेचाळिशीला शून्य. (हा शेवटचा आकडा मी दोनदा वाचला आणि चष्मा पुसला.) वर असलेल्यांना सरकार बोलावते आणि मग साठ दिवसांत सगळे कागद सादर करायचे. आता यात वकील काय करणार? भाच्याचे वय तो कमी करू शकत नाही. इंग्रजीच्या परीक्षेला त्याच्याऐवजी बसू शकत नाही. मला तर तो अर्ज आपल्या बोर्डाच्या परीक्षेच्या फॉर्मचा लांबलचक भाऊ वाटला.

शब्दाची कुंडली मांडायची मला खोड आहे, म्हणून सांगतो. पेशवाईत वकील म्हणजे कोर्टात भांडणारा काळ्या कोटातला गृहस्थ नव्हे. तो परदरबारी बसलेला आपला माणूस. दिल्लीच्या दरबारात हिंगणे घराण्याने पेशव्यांची अशी वकिली केली. तिथले वर्तमान पुण्याला लिहावे, इथले म्हणणे तिथे नीट मांडावे, हे त्यांचे काम. बादशहाचा शिक्का त्यांच्या खिशात नव्हता. ताईची समजूत मात्र अशी करून दिली गेली होती की दोन लाख दहा हजारांत शिक्का मिळतो.

कांदा-बटाटा विभागात माझा एक जुना विद्यार्थी अडत्या आहे. व्याकरणात त्याला पस्तीसच्या वर गुण मी कधी दिले नाहीत. तो मात्र मला चहा दिल्याशिवाय कधी सोडत नाही. गोण्यांच्या थप्पीशेजारी स्टुलावर बसून मी त्याला सगळी हकिगत सांगितली. म्हटले, तूही मधला माणूसच. तुझे काय मत?

तो हसला. "सर, २०१६ पर्यंत आमची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. त्या साली ती खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. केवढा गोंधळ झाला होता तेव्हा! पण पट्टी आधीही होती आणि आताही आहे. किती गोण्या आल्या, काय भाव लागला, हमाली किती, तोलाई किती, सगळं लिहून. त्या सायबानं पट्टी दिलीय का?"

भाच्याने मान हलवली. पट्टी नव्हती. पन्नास हजार आधी, बाकीचे नंतर, आणि 'काम होणारच' हे तोंडी.

"काम होणारच, हे मी कधी शेतकऱ्याला सांगत नाही बघा," तो म्हणाला. "माल उघडल्याशिवाय भाव कसा सांगायचा?"

घरी येऊन मी पुन्हा नियम काढले. कॅनडाच्या कायद्याप्रमाणे नातेवाइकाने किंवा मित्राने फुकट मदत केली तर हरकत नाही. पण पैसे घेऊन या कामात सल्ला द्यायचा, तर तिथला सनदी वकील हवा किंवा तिथल्या सल्लागारांच्या अधिकृत संस्थेचा परवानाधारक. त्या परवानाधारकांची यादी कोणालाही पाहता येते आणि अशिलाशी त्यांना लेखी करार करावा लागतो. आम्ही नाव शोधले. यादीत नव्हते. भाचा तेव्हा जरासा घुटमळला आणि म्हणाला, "मामा, ते म्हणत होते, अर्जात आमचं नाव कुठंच येणार नाही. तुझ्याच नावानं भरू."

मग उरलेले बाहेर आले. अर्जात मागच्या दहा वर्षांचा हिशेब द्यावा लागतो, आणि मध्ये एक महिनाही मोकळा सोडता येत नाही. भाच्याची पहिली कंपनी भोसरीतली. ती २०१८ साली बंद पडली. पुढची नोकरी मिळेपर्यंत आठ महिने गेले. कार्यालयातल्या माणसाने यावर तोड काढली होती. कंपनीच उरलेली नाही, तेव्हा जुन्या तारखेचे पत्र तयार करू, आठ महिने त्यातच घालू. विचारायला कोण जाणार?

कोण जाणार, ते नियमांत लिहिले होते. खोटी माहिती दिली तर अर्ज फेटाळला जातो आणि पाच वर्षे दार बंद होते. फॉर्म कोणी भरला याने काही फरक पडत नाही, जबाबदारी अर्जदाराची. २०२३ साली पंजाबकडच्या विद्यार्थ्यांवर असाच प्रसंग आला. एजंटाने दिलेली कॉलेजची प्रवेशपत्रे बनावट निघाली आणि हे त्यांना कळले ते शिक्षण उरकून कायम वास्तव्याला अर्ज केल्यावर. एजंटाला पुढे कॅनडातच शिक्षा झाली. मुलांची मात्र मधली वर्षे टांगणीला लागली.

तरी माझी छाती होईना. बंद कंपनीचे पत्र आणायचे कुठून? शेवटी आम्ही वकील दिला, पण तासापुरता. यादीत नाव पाहून, फी लिहून घेऊन. ती ताईच्या एका महिन्याच्या किराण्याएवढी होती. बाई संगणकाच्या पडद्यावर आल्या, कागद पाहिले आणि दहा मिनिटांत विचारते झाल्या, "जुन्या नोकरीचे गुण तुम्हाला हवेतच कशाला?" परदेशातल्या अनुभवाचे गुण त्या कोष्टकात तीन वर्षांपुढे वाढत नाहीत, आणि हिंजवडीत भाच्याची सहा वर्षे केव्हाच भरली आहेत. म्हणजे त्या खोट्या पत्राने पदरात एक गुणही पडणार नव्हता! जुनी नोकरी इतिहासात लिहा, गुणांसाठी मागू नका. पगाराच्या चिठ्ठ्या असतील त्या जोडा. आठ महिन्यांपुढे 'बेकार' असे लिहा. बेकारीचे गुण कोणी कापत नाही. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, पोलिसात प्रकरण असेल, घटस्फोटानंतर मुलाच्या ताब्याचा प्रश्न असेल, तर पुन्हा या. नाहीतर बाकीचा फॉर्म तुमचा तुम्ही भरा.

भाचा माझ्याच टेबलाशी भरायला बसला. त्या रकान्यापाशी आला आणि थांबला. ताई पलीकडे चकलीची भाजणी चाळत होती. आणि मला आठवले, की २०१८ साली हा मुलगा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत असे. नोकरी गेल्याचे घरी कोणाला ठाऊकच नव्हते.

"आई," तो म्हणाला, "इथं आठ महिने बेकार लिहावं लागतंय."

ताईने चाळण खाली ठेवली नाही. "लिही की," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. कंपनीत होतास तेव्हा डबा तेलकट परत यायचा. त्या दिवसांत रोज घासूनपुसून यायला लागला. म्हटलं, याला एवढा वेळ कुठून मिळतोय?"